गुरुवारचा पाइप

माझा मामा तंबाखूचे पाइप जमवतो, पण आयुष्यात त्याने एकदाही पाइप ओढलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीवरचे शंभर-सव्वाशे पाइप बघतो आणि न विचारता खिडकी उघडायला जातो. मामी म्हणते, "उघडा, उघडा. धूर नाहीच आमच्याकडे, वेड तेवढं बाहेर जाईल."

मामाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत मामा बसतो. मापं बाई घेतात, पण कवळी टोचते, हलते, जेवताना वाजते अशी तक्रार घेऊन आलेला माणूस शेवटी मामाच्याच स्टुलावर येतो. खोलीत एक लांब ओटा, ओट्यावर दोन चाकांची पॉलिशची मोटर, आणि समोरच्या फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग. प्रत्येक जबड्याच्या बुडाशी पेन्सिलीने नंबर आणि तारीख. सगळ्यावर पांढरी भुकटी. मामाच्या भुवयांवरसुद्धा. लहानपणी मला वाटायचं की मामा जन्मतः म्हातारा आहे.

पाइपांचा नाद त्याला या खोलीतच लागला. पाइपची वाटी लाकडाची असते, पण तोंडात धरायची काळी नळी जुन्या पाइपांत कडक रबराची असते. गंधक घालून शिजवलेलं रबर. एके काळी कवळ्यांच्या हिरड्याही त्याच रबराच्या बनत. मामाच्या हाताला ते ओळखीचं. कुणीतरी चेष्टेत एक चावलेला पाइप आणून दिला, "याचे दात बसवून दे," म्हणून. मामाने तो नव्यासारखा करून दिला आणि त्या दिवसापासून जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याचे पाय आपोआप वळायला लागले.

नवा पाइपही तो घेतो, पण वर्षातून एकच. मोठ्या रस्त्यावर छत्र्या आणि काठ्या विकणारं एक दुकान आहे, त्यात एका कपाटात पाइप असतात. न चावलेली नळी कशी दिसते हे डोळ्यांपुढे राहावं म्हणून घेतो, असं तो म्हणतो. दुकानदार दर वर्षी विचारतो, तंबाखू कुठली देऊ? मामा दर वर्षी नको म्हणतो. बूट घेऊन पाय नको म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसा तो दुकानदार मामाकडे बघतो.

खरा जीव जुन्या पाइपांत. जुना पाइप घरी आला की आधी वाटीतली काजळी खरवडायची, मग वाटीत मीठ भरून त्यावर स्पिरिट ओतायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. वर्षानुवर्षांचा कडवट वास मीठ ओढून घेतं. त्यानंतर नळीची पाळी. उन्हाने आणि थुंकीने ती हिरवट-पिवळी पडलेली असते आणि टोकाला दातांचे खड्डे असतात. कडकडीत पाण्यात धरली की रबर मऊ होतं आणि खड्डे आपोआप वर येतात. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश कागद, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी मोटरच्या चाकावर प्युमिस दगडाची ओली भुकटी. नळी इतकी काळीभोर होते की तीत खिडकीची चौकट दिसते.

मात्र नळी पाण्यात घालण्याआधी मामा ती भिंगाखाली धरून वाचायचा. हा त्याचा लाडका खेळ होता. हा माणूस उजवीकडे धरायचा, वरचा एक दात अर्धा तुटलेला, आणि स्वभावाने तापट.

"तापट कशावरून?" मामी विचारायची.

"खालून पार चावून काढलीय. नाहीतर घरात बोलायची चोरी असेल."

"मग तुमच्या नळीवर एक खूण पडली नसती. तोंड मिटतं कुठे तुमचं?"

या पाइपांना मामी उष्टी लाकडं म्हणायची. तरी पाहुणे आले की मधल्या कपाटातली पेटी तीच काढून आणायची, कारण ती पेटी खरंच बघण्यासारखी होती. आतून निळी मखमल, सात खाचा, आठवड्याच्या सात दिवसांचे सात पाइप. प्रत्येकाच्या गळ्याशी चांदीची पट्टी आणि पट्टीवर वाराचं नाव कोरलेलं. एका जागी जुनं सामान मोडीत निघालं होतं, तिथून मामाने ती मिळवली होती. पण खाचा सात आणि पाइप सहा. गुरुवार नव्हता. नऊ वर्षं मामा गुरुवार शोधत होता. मखमलीवरच्या त्या रिकाम्या खाचेवरून तो अंगठा फिरवायचा, जसा पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जाते.

तो गुरुवार त्याला एका शनिवारी मिळाला.

जुन्या वस्तूंचा दुकानदार अंगाने काडी आहे, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. त्याने खोक्यातून दोन बंद पडलेले रेडिओ, एक टेबलघड्याळ आणि एक पाइप काढून काउंटरवर ठेवला. मामाने आधी चांदीची पट्टी पाहिली. मग सवयीने खिशातलं भिंग काढून नळी उलटी केली, आणि त्याचा हात थांबला.

नळीच्या वरच्या बाजूला दोन खड्डे होते आणि त्यांच्या मधोमध एक बारीकसा उंचवटा राहिला होता. म्हणजे समोरच्या दोन दातांत फट. खालच्या बाजूला डावीकडे तिरकी खोबण, सुळ्याची. मामाला हे तोंड वाचावं लागलं नाही. ते त्यानेच बनवलं होतं.

ते तोंड बातम्यावाल्या आजोबांचं. तीस वर्षं त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. सगळे दात गेले तेव्हा ते मामाला म्हणाले होते, "दातवाले, पुढच्या दातांत माझी पहिली फट होती तशी ठेवा. फट गेली तर माझा 'स' जाईल, आणि 'स' गेला तर मी कुणीच नाही." मामाने तीन वेळा दात हलवून, त्यांच्याकडून जुनी बातमीपत्रं वाचून घेऊन ती फट जुळवली होती. डॉक्टरांनी त्यांची तंबाखू बंद केली होती, पण रिकामा पाइप ते दिवसभर दातांत धरायचे. त्याने खालचा डावा सुळा झिजायचा आणि दर वर्षी ते तो भरून घ्यायला यायचे. सोबत एक ताई असायची. मदतनीस पुरवणाऱ्या एका संस्थेने पाठवलेली, चाळिशीची, कमी बोलणारी. दोन मजले ती त्यांना हात धरून चढवायची आणि उतरवायची. दवाखान्यात येताना पाइप ती आपल्या पिशवीत ठेवायची, त्यामुळे मामाने त्यांचा पाइप कधी पाहिला नव्हता. पाहिले होते ते फक्त दात.

मामा आजही सांगतो, "मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. भिंग हातात होतं."

पहिलवानाने किंमत सांगितली आणि मामाने ती दिली. घासाघीस केली नाही. पहिलवानाने काळजीने विचारलं की तब्येत बरी आहे ना.

घरी जाताना त्याने स्वतःला बरंच काही समजावलं. आजोबांनी स्वतःच विकला असेल. वय झालंय, कदाचित ते गेलेही असतील. सोमवारी दवाखान्याच्या वहीतून नंबर काढून फोन करू. हे सगळं समजावत तो घरी पोचला आणि त्याने एक गोष्ट केली, जी त्याने आधीच्या शंभर पाइपांत कधीच केली नव्हती. वाटी तशीच ठेवून त्याने सुरुवात नळीपासून केली. पाणी उकळलं, नळी धरली, खड्डे वर आले. मग कागद, मग दवाखान्यात जाऊन चाक. सोमवार उजाडेपर्यंत नळी आरशासारखी झाली होती आणि गुरुवार आपल्या खाचेत होता. आता फोन करून विचारायचं तरी काय, असं त्याला वाटलं. ओळखायला काही उरलंच नव्हतं.

सोळाव्या दिवशी बातम्यावाले आजोबा जिना चढून आले. सोबत ताई नव्हती, मुलगा होता. विम्याच्या कचेरीतला, नीटनेटका, सतत घड्याळ बघणारा. दार ओलांडेपर्यंत आजोबांना दम लागला होता, कारण मुलगा त्यांच्या पुढे चालत आला होता.

कवळी डावीकडे लागते, अशी तक्रार होती. मामाने कवळी काढून घेतली, हिरडी पाहिली. कुठे लाली नाही, फोड नाही. काही झालेलं नव्हतं. तोंडातून रोजची वस्तू गेली की जबडा अस्वस्थ होतो एवढंच. हे मामाला कळत होतं, आणि म्हणूनच तो काही बोलला नाही.

कवळी तोंडात नसली तरी आजोबा बोलायचे, आणि तरीही शब्द कळायचे, इतकी त्यांची जीभ तयार होती. त्यांनी सांगितलं की पाइप चोरीला गेला. सोबतच्या बाईने नेला. पाच वर्षं हाताला धरून जिने उतरवले तिने, पोटच्या पोरीसारखी वागली, आणि शेवटी चांदीच्या एका पट्टीपायी घात केला. तंबाखूचा वास तिला सोसत नव्हता, तसं ती बोललीही होती. संस्थेला फोन करून त्यांनी तिला काढायला लावलं. संस्थेने तिचं नावच यादीतून खोडलं.

मग ते पाइपविषयी बोलायला लागले. रेडिओ केंद्रावर ते सात बातमी वाचणारे होते, प्रत्येकाचा एक वार. निवृत्त होणाऱ्या मोठ्या साहेबांनी सात पाइपांची पेटी त्यांना दिली होती. ती केंद्रावरच असायची आणि ज्याचा वार तो आपला पाइप काढायचा. निवृत्तीच्या दिवशी आपला पाइप फक्त त्यांनीच घरी नेला. "बाकीचे सहाजण पेटीत ठेवून गेले," ते म्हणाले, "आणि आता तर सगळेच गेले. पेटी कुठे मोडीत गेली कोण जाणे. माझा वार गुरुवार."

मामाने मान वर करून मुलाकडे पाहिलं. मुलगा भिंतीवरचा दात घासण्याचा तक्ता वाचत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मामाला त्या क्षणी समजलं की पाइप पहिलवानाकडे कुणी नेला. आपल्या चेहऱ्यावरही काहीतरी दिसलं असणार, असं तो म्हणतो, कारण मुलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन घड्याळ बघितलं.

आता खोलीत तिघे होते आणि दोघांना खरं माहीत होतं. मामाने कानस उचलली आणि कवळीच्या डाव्या कडेवर फिरवायला लागला. घासण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. कडेला कानस जेमतेम टेकवत, नुसता आवाज व्हावा म्हणून तो ती फिरवत राहिला. मग कवळी धुऊन त्याने आजोबांच्या हातात दिली.

"आता बरं वाटतं," आजोबा म्हणाले. "तुमचा हातच वेगळा, दातवाले."

मामाने अनेकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. या कौतुकाइतकं त्याला काही लागलं नाही.

त्या आठवड्यात मामाने पेटी उघडली नाही. बुधवारी त्याचा मला फोन आला. मी साचेकाम शिकलो आहे, कारखान्यात रबर आणि प्लास्टिक दाबून वस्तू बनवतो. त्याने विचारलं, कडक रबरावर दाबून खूण पाडायची तर ती टिकेल का? मी खूश झालो. मला कुणी असा प्रश्न विचारला की तो का विचारतोय हे विचारायचं माझ्याकडून राहून जातं. मी त्याला सविस्तर सांगितलं. मऊ होईल इतकंच तापव, दाब दे, आणि दाब न सोडता गार होऊ दे. दाब आधी सोडलास तर खूण भरून येईल. टिकेल, फक्त पुन्हा तापवू नकोस. पुन्हा तापली की नळी आपल्या मूळ आकारावर जाते. फोन ठेवल्यावर मी एका सहकाऱ्याला म्हणालोसुद्धा की माझा मामा या वयात नवीन शिकतोय.

मामाने फळीवरून आजोबांचा प्लास्टरचा जबडा उतरवला. त्यावरून त्याच मापाचे, त्याच फटीचे वरचे दात आणि खालचा डावा सुळा टणक प्लास्टिकमध्ये बनवले. नळी तापवली, त्या दातांत धरली, चिमट्यात आवळली आणि गार केली. चिमटा सोडला तेव्हा वर दोन खड्डे, मधे उंचवटा, खाली तिरकी खोबण. हुबेहूब. सुटलो, असं त्याला वाटलं. ठरवलं असं की पाइप मुलाच्या हाती गुपचूप द्यायचा. तो म्हणेल, कपाटामागे सापडला. आजोबांना पाइप मिळेल, ताईवरचा आळ जाईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

घरी आल्यावर पाइप मामीच्या दृष्टीस पडला. तिने तो हातात घेऊन फिरवला.

"हा परवापर्यंत गुळगुळीत होता ना?"

मग मामाला सगळं सांगावं लागलं. पहिलवानाच्या दुकानापासून कानशीपर्यंत. मामी ऐकत होती आणि मधे एकदाही बोलली नाही, हे त्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडलं.

"कपाटामागे सापडला," ती शेवटी म्हणाली, "तर ते म्हणतील, घाबरून तिनेच टाकला असेल. चोर ती राहीलच. फक्त तुम्ही दोघं मोकळे."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. टोमणा नाही, आदळआपट नाही. मामा म्हणतो की उष्टी लाकडं म्हणाली असती तरी चाललं असतं.

त्याने पाणी उकळत ठेवलं आणि नळी त्यात धरली. त्याने पाडलेल्या खुणा हळूहळू भरून आल्या आणि नळी पुन्हा कोरी झाली.

रविवारी सकाळी तो पाइप साध्या कागदात गुंडाळून आजोबांच्या घरी गेला. दार मुलाने उघडलं. पुडीचा आकार बघून त्याने दार अर्धं लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, माझ्याकडे द्या, मी बघतो. मामाने नकारार्थी मान हलवली. मग आतून आवाज आला, कोण आहे, आणि मुलाला बाजूला व्हावं लागलं.

आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांनी पट्टीवरचा वार वाचला, चेहरा उजळला आणि पाइप दातांत धरला. लगेच काढला. पुन्हा धरला. नळी घसरली.

"हा नव्हे," ते म्हणाले. "पट्टी तशीच आहे. पण हा माझा नव्हे. माझ्या दातांना जागा माहीत आहे."

इथे मामाला गप्प बसता आलं असतं. पाइप तो नाही, विषय मिटला, पेटीही भरली. त्या वेळी हा विचार मनात येऊन गेला, हेही तो लपवत नाही.

"हा तुमचाच आहे," तो म्हणाला. "जागा मी घासून टाकली. विकत घेतला तेव्हाच मी तुमचे दात ओळखले होते. ओळखले आणि मग घासले. तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा तो माझ्या घरी पेटीत होता."

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. का पाहिलं कुणास ठाऊक. कदाचित दुकानात पाइप पोचला कसा हा साधा प्रश्न त्यांना पडला असेल. मुलगा खाली बघत म्हणाला की खोली आवरताना त्यानेच जुन्या रेडिओंबरोबर तो देऊन टाकला होता. एकदा वाटीला ताज्या तंबाखूचा वास आला होता, म्हणून. संध्याकाळी सांगणार होता. पण संध्याकाळी ताईवर आळ आला होता, आणि मग सांगणं रोज आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

आजोबांनी पाइप हातात फिरवला. मग बोलले ते घरातल्या आवाजात नाही, रेडिओवरच्या.

"आमच्याकडे चुकीची बातमी वाचली गेली तर दुरुस्ती त्याच बातमीपत्रात वाचायची, आणि ज्याने चूक वाचली त्यानेच. तुला किती दिवस झाले?"

"सव्वीस," मुलगा म्हणाला.

"तुम्हाला?"

"बावीस," मामा म्हणाला.

"आणि वाचली मी," आजोबा म्हणाले. "न तपासता. चला."

ताई आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होती. जिना उतरताना मामाने आजोबांचा हात धरला. ताई धरायची तसा त्याला जमेना. तो एक पायरी पुढे राहायचा किंवा मागे, आणि आजोबा दर वळणावर थांबून म्हणायचे, "डावीकडून, दातवाले. ती डावीकडून धरायची."

धुलाईघर तळघरात होतं. वाफ, ओल्या कापडाचा वास, चादरींचे ढीग आणि लांब टेबलापाशी सहा-सात बायका. ताईने त्यांना पाहिलं आणि इस्त्री खाली ठेवली नाही. आजोबांनी खिशातून कागद काढला. घरून निघण्याआधी त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला होता. ते वाचायला लागले तशा बाकीच्या बायकांच्या इस्त्र्या थांबल्या. तो आवाज त्यांच्या घरांत कधीकाळी रोज ऐकू येत होता.

"एक दुरुस्ती. पाइपच्या चोरीसंबंधी जे सांगण्यात आलं ते खोटं होतं. पाइप घरातल्याच माणसाने विकला होता. ज्यांनी आरोप केला त्यांना खेद आहे." ते थांबले. कागद खाली केला. "मला. मला खेद आहे."

ताई म्हणाली, "आवाज अगदी तोच. मला चोर म्हणालात तेव्हाही असाच स्वच्छ होता."

मुलगा म्हणाला की तो स्वतः संस्थेत जाऊन सांगेल. तिने "तुम्ही नको" म्हटलं, आजोबांच्या हातातला तो कागद मागितला, आणि इस्त्रीच्या टेबलावर एक कोरडी जागा करून तिघांना खाली सह्या करायला लावल्या. मामाने आपण काय केलं ते सांगून मग सही केली. कवळीच्या कामात ज्याची रेघ केसभर हलत नाही, त्याची सही वाचता येत नव्हती. ताईने त्याला ती पुन्हा करायला लावली.

मग तिने कागदाची घडी घातली आणि मामाला विचारलं, "मी जिना चढून यायचे तेव्हा तुम्ही दर वेळी मला पाणी द्यायचात. त्या दिवशी त्यांनी तुमच्यासमोर मला चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"कवळी घासत होतो."

"काय झालं होतं कवळीला?"

"काही नाही."

तिने इस्त्री उचलली आणि पुढची चादर ओढली. आजोबांनी परत ये म्हटलं नाही. ती आली असती असंही नाही.

पुढे संस्थेने तिचं नाव यादीत परत घेतलं. ती दुसऱ्या घरी जाते. आजोबा अजून येतात, पाइप घेऊन येतात. तो घसरतो अशी त्यांची तक्रार आहे आणि खोट्या खुणा पाडण्याशिवाय त्यावर मामाकडे इलाज नाही. मामाने त्यांना पेटीही देऊ केली होती. त्यांनी ती उघडून सहाही पाइपांवरचे वार एकदा मोठ्याने वाचले आणि परत दिली. ती मधल्या कपाटात आहे, गुरुवारची खाच रिकामी. पाहुणे आले तरी मामी ती आता काढत नाही.

मामा पाइप अजून घेतो, पण नळीला हात लावत नाही. वाटी साफ करतो, मीठ-स्पिरिट करतो, नळी नुसती ओल्या फडक्याने पुसतो. हिरवट तर हिरवट, खड्डे तर खड्डे. भिंगाचा खेळही त्याने सोडला आहे.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा पाइप जमवणारा एक तरुण आला होता. त्याला एक जुना पाइप आवडला, पण नळी बघून त्याने नाक मुरडलं. एवढं सगळं येतं तर ही का घासत नाही, असं त्याने विचारलं. मामाने त्याला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. पहिलवान, भिंग, उकळतं पाणी, सोळावा दिवस. तरुणाचा दोनदा फोन बघून झाला. मामा धुलाईघरापर्यंत आला, सह्यांपर्यंत आला आणि म्हणाला, "असं झालं. म्हणून घासत नाही."

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. "तिने काय विचारलं तेही सांगा."

मामाने भुवईवरची भुकटी पुसली, जी त्या वेळी तिथे नव्हतीच. मग त्याने तेही सांगितलं.